मॅकेनाचं सोनं आणि शिरूरचा सातबारा

वाळवंट बघून ज्यांच्या तोंडून 'अहाहा' निघतं ती माणसं पाण्याच्या गावची असतात, असं आमच्या भागातलं ठाम मत आहे. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे तालुके. सह्याद्री ओलांडून ढगांकडे जे काही शिल्लक राहतं ते आमच्या वाट्याला येतं, आणि ढग हिशेबाला पक्के असल्यामुळे फारसं काही राहत नाही. अशा मुलखात पडद्यावर ग्रेगरी पेक घोड्यावरून निघाला. भोवती लालभडक कडे, डोक्यावर ऊन, नजर पोचेल तिथवर झाड नाही. गोऱ्या प्रेक्षकांचा म्हणे या दृश्याने श्वास रोखला जायचा. आमच्या रांगेतला कवठे येमाईकडचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "आपल्यासारखंच हाय की. टँकर कधी येतो ह्यांच्याकडं?"

सिनेमा म्हणजे 'मॅकेनाज गोल्ड'. सन 1969, दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन. अमेरिकेत तो सणकून आपटला आणि समीक्षकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. मग तो सोव्हिएत रशियात धो धो चालला, आणि भारतात तर असा काही चालला की आमच्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा इंग्रजी सिनेमा तिथेच सुरू झाला आणि तिथेच संपला. पुण्यात तो पुन्हा पुन्हा लागे. लागला की शिरूरची पोरं एसटीने जात आणि दौंडची पोरं शटलने. शिरूरकर तिकीट काढून, दौंडकर वडिलांच्या पासावर. दोन गावांच्या मतांमधला पुढचा सगळा फरक इथूनच सुरू होतो असं मला वाटतं.

गोष्ट अशी. मरायला टेकलेल्या एका म्हाताऱ्या अपाचीकडे सोन्याच्या घळीचा नकाशा असतो. ग्रेगरी पेक, म्हणजे मार्शल मॅकेना, तो एकदा बघतो आणि जाळून टाकतो. आता नकाशा फक्त त्याच्या डोक्यात. म्हणून ओमर शरीफ, म्हणजे दरोडेखोर कोलोरॅडो, मॅकेनाला डोक्यासकट पळवतो. ही बातमी कशी कोण जाणे जवळच्या गावात फुटते आणि तिथली प्रतिष्ठित मंडळी, संपादक, धर्मोपदेशक, दुकानदार, झाडून सगळे घोडी घेऊन हजर होतात. त्यांच्याबरोबर ते सोनं एकदा पाहिलेला आणि त्यापायी डोळे गमावलेला म्हाताराही येतो. हा म्हातारा म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन. बाकीच्यांत ली जे. कॉब, रेमंड मॅसी, बर्जेस मेरेडिथ, अँथनी क्वेल. अशी एकेक नामांकित असामी गोळा केली आणि नीट ओळख व्हायच्या आत मारून टाकली. लग्नपत्रिकेवर आमदार-खासदारांची नावं ठळक छापावीत आणि त्यांनी अक्षतांच्या आधीच पाय काढावा, तसं झालं. आमच्याकडे यावर कुणी हरकत घेतली नाही. पत्रिकेवर नावं होती, पुरे.

इंग्रजी कुणाला येत होतं? कुणालाच नाही. त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. दर रांगेत एखादा स्वयंघोषित दुभाषा असायचा. तो मॅकेनाच्या चार वाक्यांचं "म्हणतोय, मला काय माहीत नाय" एवढ्यात भाषांतर करी, आणि आता बघताना वाटतं की त्याने फार काही गाळलं नव्हतं.

एका गणपतीत हा सिनेमा आमच्या चौकात आला. दोन बांबू, मध्ये पांढरा पडदा आणि घरघरणारा प्रोजेक्टर. पुढे जागा मिळाली नाही ते पडद्यामागे पोतं टाकून बसले. मागूनही चित्र छान दिसतं, फक्त उजव्याचं डावं होतं. हिंदी सिनेमात त्याने काही बिघडत नाही. नायिका या झाडामागून आली काय आणि त्या झाडामागून आली काय. पण इथे सगळा मामलाच दिशेचा. पहाटे सूर्य वर येतो, एका उंच सुळक्याची सावली जमिनीवरून सरकत सरकत कड्यापर्यंत जाते आणि घळीची गुप्त वाट दाखवते. पुढच्यांनी सावली एका अंगाला जाताना पाहिली, मागच्यांनी दुसऱ्या. सिनेमा संपल्यावर वाद पेटला. दोन्ही बाजूंना शपथेवर सांगणारे साक्षीदार होते आणि एकही खोटं बोलत नव्हता. आमच्या आळीतले दोघे जण अजून त्या विषयावर एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. आता दोघांच्याही मोबाइलवर तो सिनेमा फुकट बघता येतो, पण तपासून बघायला कुणी तयार नाही.

भूगोलाच्या मास्तरांचा आक्षेप वेगळा. ते म्हणाले, सूर्य वर्षभर एका जागी उगवत नाही. उत्तरायणात उत्तरेकडे सरकतो, दक्षिणायनात दक्षिणेकडे. म्हणजे सावली रोज निराळ्या ठिकाणी पडणार. "नकाशावर तिथी होती का? नसेल तर डिसेंबरात गेलेला मनुष्य जूनच्या भिंतीवर डोकं आपटणार." शिवाय सूर्य जसा वर चढतो तशी सावली आखडते, हे चौथीच्या पोराला माहीत असतं. इथली सावली कड्याच्या शोधात निघाल्यासारखी पुढे पुढे पळत होती. मास्तरांनी वर असंही सांगितलं की आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. म्हणजे मॅकेना मे महिन्यात शिरूरला आला असता आणि उठायला जरा उशीर केला असता, तर स्वतःच्याच बुटांखाली खणत बसला असता.

पण खरी मतं सराफांची. हा सिनेमा कुठल्या काळात आला ते आठवा. जानेवारी 1963 मध्ये मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि चौदा कॅरटवरचे दागिने घडवायला बंदी केली. गावोगावचे सोनार भट्टी विझवून दुसऱ्या धंद्याच्या शोधात निघाले. मग 1968 चा कायदा आला. घरात लगड ठेवणं गुन्हा, दागिने ठरावीक वजनापुढे गेले की सरकारला जाहीर करायचे. तो कायदा 1990 मध्ये गेला. म्हणजे आमच्याकडचा सराफ जेव्हा पुण्यातल्या थिएटरच्या अंधारात बसून पिवळ्याधमक सोन्याचा उभाच्या उभा कडा बघत होता, तेव्हा त्याच्या दुकानात लगडीचं नाव काढायची चोरी होती. मध्यंतरात त्याला विचारलं, "काय शेट, एवढं सोनं बघून काय वाटलं?" तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "डिक्लरेशन भरलंय का त्यांनी?"

त्याचा दुसरा मुद्दा वजनाचा. सोनं म्हणजे मोहरी नव्हे. लिटरभर पाण्याचा तांब्या ओतीव सोन्याने भरला तर 19 किलोच्या वर जातो. इथे प्रत्येक जण खोगिराच्या थैल्या गच्च भरतो आणि घोडं टापा टाकत पळतं. "त्या घोड्याचा कणा मोडला असता. नाहीतर ते सोनं एक ग्रॅमवालं असणार," हा शेटचा निकाल. आणि ज्या दोन देशांत लोकांना सोनं बाळगायची चोरी होती, त्या रशियात आणि भारतात हा सिनेमा चालला, यात नवल काय, असा एक सिद्धांतही त्याने मांडला. मला तो फार पटला होता. पण मास्तरांनी तो पाच मिनिटांत मोडला. खुद्द अमेरिकेतच 1933 पासून 1974 अखेरपर्यंत सामान्य माणसाला सोन्याच्या लगडी बाळगायला मनाई होती, आणि तिथे तर सिनेमा पडला. शेट म्हणाला, "त्यांच्याकडं लग्नात सोनं घालत नाहीत. त्यांना काय फरक पडतो?"

महसूल खात्यात नोकरी केलेल्या एका गृहस्थांनी सिनेमा सुरू झाल्या झाल्या मान हलवायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत थांबवली नाही. मूळ नकाशा जाळला, सत्यप्रत नाही. घळ कोणत्या गटात, गायरान की वनखातं, काही उल्लेख नाही. आपल्याकडे 1878 चा गुप्तधनाचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. भिंतीतलं सोनं म्हणाल तर ते गुप्तधनच नव्हे, खनिज; म्हणजे रॉयल्टी. "आणि मार्शल म्हणजे सरकारी नोकर. त्याने निदान पंचनामा तरी करायचा." त्यांचं म्हणणं, सिनेमात इतकी माणसं मेली ती केवळ मोजणी न मागवल्यामुळे. मोजणीला अर्ज केला असता तर नंबर लागेपर्यंत सगळे म्हातारे होऊन आपापल्या घरी गेले असते.

घोड्यांच्या बाबतीत मात्र आमचं मत तज्ज्ञाचं धरावं. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात, आणि दौंडचा मुलूख म्हणजे जुनी भीमथडी. भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत गेल्या. पुढे इंग्रजांनीही छावणी टाकायला शिरूरच निवडलं. (त्या छावणीतला कर्नल वॉलेस 1809 मध्ये इथेच वारला. भोवतालचे गावकरी त्याला सत्पुरुष मानून सुगीला त्याच्या थडग्यावर धान्याचा नैवेद्य ठेवत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. तेव्हा गोऱ्या माणसाबद्दल आमच्या मनात अढी होती म्हणून आम्ही ग्रेगरी पेकला नावं ठेवली, असं कुणी समजू नये.) बैलगाडा शर्यतीच्या घाटात आयुष्य घालवलेल्या एका दादांनी एकच प्रश्न विचारला, "दिवसभर घोडं पळतंय. त्याला वैरण कोण टाकतंय?" आणि खरंच, अख्ख्या सिनेमात कडब्याची पेंढी दिसत नाही. दादांचा त्यानंतर सिनेमावरचा विश्वास उडाला. माणसं मरतात त्याचं काही नाही. मुकं जनावर उपाशी ठेवून कसलं सोनं.

ज्युली न्यूमार पाण्यात पोहते त्या प्रसंगाबद्दलही मतं होती. सेन्सॉरने जेवढा ठेवला होता तेवढ्याच प्रसंगाबद्दल, पण मतं सेन्सॉरने ठेवलेल्यापेक्षा बरीच जास्त होती. ती बहुतेक शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर व्यक्त होत. चौफुल्याच्या कला केंद्रांचे जाणकार तिला अदाकारीत काठावर पास करत. याहून तपशिलात शिरायचं कारण नाही. एक जण तर एवढंच म्हणाला, "वाळवंटात एवढं पाणी असताना ही माणसं सोनं कशाला हुडकतायत?" आणि हे मत मला आजही सगळ्यांत भारी वाटतं.

गिधाडाचं गाणंही सगळ्यांच्या लक्षात राहिलं. संगीत क्विन्सी जोन्सचं, आवाज होजे फेलिसियानोचा, आणि पडद्यावर आभाळात घिरट्या घालणारं एक गिधाड. तेव्हा कुणी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही, कारण तसली ढीगभर गिधाडं गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागेवर बसलेली असत. मग गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅकने ती जवळजवळ संपली. आता सिनेमा लागला तर सोन्यापेक्षा त्या गिधाडाचे फोटो काढतील लोक.

शेवटी घोड्यांच्या टापांनी घळ हादरते आणि सगळी कोसळते. ते कडे खेळण्यातले आहेत हे लहान पोरालाही कळतं. टाकळी हाजीकडच्या लोकांना हा प्रकार मुळीच मानवला नाही. त्यांच्याकडे कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, पलीकडच्या काठावर निघोज. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे गरगर फिरून काळ्या बेसाल्टात पुरुषभर खोल रांजण कोरले गेलेत आणि अख्खी नदी त्या चिरेत उतरते. "आमचा खडक हजारो वर्षं पाण्याला दाद देईना, तो टापांनी पडतोय व्हय? चार घोडी आणून बघा म्हणावं."

कोसळलेल्या घळीतून मॅकेना ज्या घोड्यावर बसून निघतो, त्याच्या थैल्यांमध्ये सोनं असतं आणि त्याचं त्याला ठाऊक नसतं. या शेवटावर शिरूरने सगळ्यांत जास्त चर्चा केली. पूर्वी ती विनोदाने व्हायची. रांजणगावला एमआयडीसी आली आणि ती गंभीर झाली. ज्या बरड रानात हुलगा-मटकी नीट येत नव्हती तिथे कारखाने उभे राहिले, जमिनींचे चेक आले आणि मग लोकांच्या लक्षात आलं की आपण हा सिनेमा आधी बघितलेला आहे. चेकची बातमी फुटते. संध्याकाळपर्यंत प्रतिष्ठित मंडळी ओसरीवर हजर. बहिणीचे यजमान, ज्यांनी पूर्वी रामराम घेतला नव्हता. एक एजंट, ज्याला पलीकडचा प्लॉट माहीत आहे. एक गुरुजी, ज्यांना वास्तूचा दोष दिसतो. दामदुप्पटवाला. गाड्यांच्या शोरूमचा पोरगा. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की बाकीच्यांवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या समीक्षकांना असं वाटलं की या सिनेमात पात्रं फार आणि कारणं थोडी. त्यांच्या घरी भूसंपादनाचा चेक आला नव्हता, म्हणून असं वाटलं.

दौंडला हे काही पटत नाही. दौंड गाव रेल्वेचं. मनमाडकडची लाइन 1878 मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिथला माणूस पगारावर जगतो. त्याला एक तारीख ठाऊक आहे, सोन्याच्या घळीचं आकर्षण नाही. राज्य राखीव पोलीस दलाच्या माणसांनी तर सिनेमातल्या घोडदळाच्या सार्जंटचा विषय दोन शब्दांत संपवला. टेली सव्हालसचा हा सार्जंट आपल्याच शिपायांना गोळ्या घालून सोन्याच्या टोळीत सामील होतो. "विनापरवाना गैरहजर," ते म्हणाले. खुनाचं कलम त्यांनी नंतर जोडलं.

माझे दौंडचे मामा गार्ड होते. त्यांच्या लेखी वाळवंटाचा सिनेमा एकच, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'. डेव्हिड लीनचा, 1962 चा, साडेतीन तासांहून मोठा. सात ऑस्कर मिळाली वगैरे त्यांच्या गावी नव्हतं. त्यात रेल्वे आहे, हे महत्त्वाचं. लॉरेन्स सुरुंग लावून तुर्कांची गाडी पाडतो, तो छतावरून चालतो, अरब जल्लोष करतात, थिएटर टाळ्या वाजवतं. मामा टाळ्या वाजवत नसत. त्यांचं लक्ष गाडीच्या मागच्या टोकाकडे. "गार्ड कुठाय?" ते विचारत. "गाडी पडली की गार्डाने पहिलं काय करायचं? मागे पळायचं. ब्रॉडगेजला सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशेवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. मागून दुसरी गाडी आली असती म्हणजे?" मग त्यांना आठवायचं की हेजाझ रेल्वे ब्रॉडगेज नव्हती. तिचा गेज 1050 मिलिमीटर, आपल्या मीटरगेजहून दोन इंच जास्त. मग चारशे आणि आठशे धरायचे की कसं, यावर ते आणि त्यांचे एक जुने ड्रायव्हर मित्र रात्री जेवण होईपर्यंत बोलत. लॉरेन्सचं पुढे काय झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही.

मामींचं मत एका वाक्याचं. एवढ्या मोठ्या सिनेमात बोलणारी एकसुद्धा बाई नाही, हे त्यांनी पहिल्या तासातच हेरलं. "म्हणून तर भटकतायत. घरी कुणी विचारणारं असतं तर गेले असते वेळेवर."

आणि आपला आय. एस. जोहर! त्याचं कासिमचं काम बघायला दौंडची मंडळी खास गेली. तो वाळवंटात उंटावरून पडतो, मागे राहतो, आणि लॉरेन्स सगळ्यांचा विरोध पत्करून त्याला परत आणतो. थिएटरात शिट्ट्या. पुढे टोळ्यांचं भांडण मिटवायला त्याच लॉरेन्सला त्याच कासिमला गोळी घालावी लागते. शिट्ट्या बंद. परतीच्या शटलमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही, मग मामांच्या ऑफिसातला एक क्लार्क म्हणाला, "मग आणायला गेला त्याचा टीए कुठल्या हेडला टाकायचा?"

गंमत म्हणजे या सिनेमातही ओमर शरीफ आहे. लांब मृगजळात एक ठिपका दिसतो, हलतो, मोठा होतो, त्याचा उंटस्वार होतो, आणि तो जवळ यायच्या आत लॉरेन्सचा वाटाड्या गोळी लागून पडलेला असतो. गुन्हा काय? दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी प्याला. जगभर या दृश्याचं कौतुक छायाचित्रणासाठी होतं. भीमेकाठच्या गावांमधून आलेल्या लोकांनी त्यातली छायाचित्रणाची बाजू सोडून दिली. "विहीर सामाईक होती का?" एकाने विचारलं. "पाळी कुणाची होती?" दुसऱ्याने विचारलं. खातेफोड झाली होती का, बारवेला हिस्सा लावला होता का, मोटर कुणाच्या नावावर, असे प्रश्न निघत गेले आणि दोन पिढ्यांपूर्वीच्या स्वतःच्या भावकीतल्या भांडणापर्यंत येऊन थांबले. सोन्यासाठी माणूस मारणारा ओमर शरीफ त्यांना नाटकी वाटला होता. पाण्यासाठी मारणारा अगदी घरातला वाटला.

आता अलीकडे एका लग्नानंतरच्या रिकाम्या दुपारी भाच्याने टीव्हीवर 'लॉरेन्स' लावला. घरात पाव्हणे होते, त्यात एक घोड आणि भीमा या दोन्ही नद्यांच्या पात्रांशी वर्षानुवर्षं व्यवहार असलेले वाळूवाले. पडद्यावर वाळूच्या टेकड्याच टेकड्या. एकही तहसीलदार नाही, गस्तीची जीप नाही, लिलाव नाही, ब्रासचा हिशेब नाही. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, पुढे वाकून नीट बघितलं, एका हाताची चिमूट करून मनातल्या मनात ती वाळू चोळून पाहिली आणि मागे टेकत म्हणाले,

"बंद कर रे. वाऱ्याची वाळू आहे, दाणा गोल असतो. सिमेंट धरत नाही."